दफ्तरातला प्रिंटर नेमका कुणाचा?

लहान संस्थेच्या दफ्तरात प्रिंटर एकच असतो आणि तो कुणाच्या तरी टेबलावर असतो. मला बोलायचं आहे ते या ‘कुणाच्या तरी’बद्दल. प्रिंटर संस्थेच्या पैशातून आलेला असतो. टोनरची रिफिल, कागदाची रिमं यांचा खर्चही संस्थेच्या वहीत पडतो. पण त्याची यूएसबी केबल ज्या कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेली असते, त्या कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूसच त्याचा खरा मालक होऊन बसतो. तो रजेवर असला की छपाई बंद. तो नमाजला किंवा जेवायला गेला की स्क्रीनला कुलूप. बाकीचे पेनड्राइव्ह हातात घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभे राहतात, “भाई, एवढं एक पान काढून द्या ना” म्हणत. पान देणारा माणूस सहसा भलाच असतो. तरी दहा वेळा मागायला नको म्हणून नव्याने लागलेली शिक्षिका किंवा हिशेब लिहिणारी मुलगी शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि पदरचे पैसे देते.

यावर उपाय साधा आहे आणि तो बहुतेक दफ्तरांत आधीच भिंतीवर लटकलेला असतो. इंटरनेटसाठी जो राउटर लावलाय, किंवा आधीचा बदलून जो कपाटात टाकलाय, त्याच्या पाठीमागे यूएसबीचं तोंड आहे का ते पाहावं. असेल तर प्रिंटरची केबल कॉम्प्युटरमधून काढून तिथे लावता येते. राउटर प्रिंट सर्व्हर होतो. मग दफ्तरातला प्रत्येक कॉम्प्युटर आणि लॅपटॉप थेट त्याच्याकडे पान पाठवतो, मधे कुणाला विचारावं लागत नाही. माझं मत असं की लोकांच्या पैशातून चालणाऱ्या प्रत्येक दफ्तराने नवा प्रिंटर घेण्याआधी हे करून पाहावं. कारण पैसे वाचतात हे तर आहेच, पण त्याहून मोठं कारण कागदपत्रांचं आहे.

(जाता जाता : ‘दफ्तर’, ‘कागद’, ‘कारकून’, ‘शाई’ हे सगळे शब्द आपल्या मराठीत फारसीकडून आलेत आणि ते आता कुणाला परके वाटत नाहीत. ‘प्रिंटर’ आणि ‘राउटर’चंही तेच होणार. त्यामुळे या लेखात मी त्यांची मराठी भाषांतरं शोधत बसणार नाही.)

आधी पेनड्राइव्हचं पाहू, कारण आपल्याकडचा खरा घोटाळा तिथे आहे. आपल्या संस्थांमध्ये काम दोन लिप्यांत चालतं. पंचायत समितीला, शिक्षणाधिकाऱ्यांना, तहसीलला जाणारं पत्र मराठीत. जलशाचं आमंत्रण, मदरशाचा निकाल, सदरसाहेबांचं निवेदन उर्दूत. मराठीचं टायपिंग वर्षानुवर्षं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या फाँटमध्ये झालेलं असतं. उर्दूचं इनपेजमध्ये. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने १९९४मध्ये इनपेज आणलं आणि मिर्झा अहमद जमील यांच्या १९८१च्या नूरी नस्तालीकच्या बळावर ते घराघरात गेलं. त्या अक्षरांत वीस हजारांच्या घरात जोडाक्षरं हाताने लिहून बसवलेली आहेत. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी जुने नमुने, लेटरहेडं, दाखल्यांचे साचे आजही याच जुन्या फाइलींत पडून आहेत आणि ते कुणी पुन्हा टाइप करणार नाही.

आता ही फाइल पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर काय होतं ते प्रत्येकाने भोगलंय. श्रीलिपीचा फाँट तिथे नसेल तर मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते. इनपेज नसेल तर फाइल उघडतच नाही. मग पीडीएफ करा, नाहीतर फोनवर फोटो काढून पाठवा. एका दफ्तरात मी पाहिलंय की उर्दूचं टेबल खिडकीपाशी, मराठीचं दाराशी, प्रिंटर दाराशी. मौलाना दिवसातून पाच-सहा वेळा उठून खोली ओलांडत आणि प्रत्येक वेळी फाइल पीडीएफ करून आणत.

प्रिंटर राउटरला लावला की ही भानगड मुळातून मिटते. पान ज्या कॉम्प्युटरवर लिहिलंय तिथेच त्याचं चित्र तयार होतं. फाँट तिथे आहे, इनपेज तिथे आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर पानाचं रूपांतर प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत करतो आणि तो तयार माल नेटवर्कवरून राउटरकडे जातो. राउटर तो जसाच्या तसा यूएसबीच्या तारेतून पुढे ढकलतो. आतमध्ये उर्दू आहे की मराठी, डावीकडून आहे की उजवीकडून, हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. शिष्यवृत्तीच्या दिवसांत आपल्या संस्थांच्या दफ्तरात काय काय कागद येतात ते आठवा. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, कधी निकाहनामा, कधी तलाकचे कागद, कधी विधवेचा दाखला. महाडीबीटीचा अर्ज भरला की त्याची प्रत काढावीच लागते. दफ्तरात प्रिंट निघत नाही म्हणून हे सगळं पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून बाहेरच्या दुकानात जातं. दुकानदाराच्या डेस्कटॉपवर आणि त्याच्या फोनमध्ये ते महिनोन्‌महिने पडून राहतं. तो काही वाईट माणूस नसतो, त्याला पुसायला फुरसत नसते. पण ज्या आईने विश्वासाने आपल्या मुलीची कागदपत्रं संस्थेकडे दिली, तिने ती दुकानात ठेवायला दिली नव्हती. आधारचा गैरवापर कसा होतो यावर आपण भाषणं करतो आणि शंभर पोरांचे आधार दर हंगामात उघड्यावर टाकतो. संस्थेत छपाई सोपी असणं हा या बाबतीत चैनीचा प्रश्न राहत नाही.

“मग विंडोजमधलं शेअरिंग करा की,” असं कॉम्प्युटरवाला सांगतो. म्हणजे प्रिंटर भाईच्या टेबलावरच ठेवायचा आणि त्यांच्या कॉम्प्युटरमधून तो इतरांना वाटायचा. हे चालतं, पण भाईंचा कॉम्प्युटर चालू असेल तोवरच. वीज गेली आणि आली, तर कुणीतरी पासवर्ड टाकून तो सुरू करायला हवा. अख्खा कॉम्प्युटर दिवसभर पेटता ठेवायचा तो दोन पानांसाठी. राउटरला त्याच्या दशांशाच्या आसपास वीज लागते आणि वीज आली की तो मिनिटा-दोन मिनिटांत आपणहून उभा राहतो, कुणाच्या पासवर्डची वाट पाहत नाही. शिवाय विंडोज शेअरिंगचा आणखी एक अनुभव अनेक दफ्तरांनी घेतलाय. २०२१च्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाईव्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भगदाड उघड झालं. ते बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने एकामागून एक अपडेट दिले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर ठिकठिकाणी शेअर केलेले प्रिंटर अचानक जोडेनासे झाले, शेवटी ‘११बी’ असलेला एक एरर येऊ लागला. कंपनीचा हेतू बरोबर होता. पण ज्या दफ्तरात आयटी विभाग म्हणजे सदरसाहेबांचा भाचा, तिथे लोकांनी काय केलं? अपडेटच काढून टाकला. म्हणजे छपाईसाठी अख्ख्या कॉम्प्युटरचं दार उघडं ठेवलं.

राउटरचा मार्ग इतका साधा आहे की त्यात बिघडायला फारसं काही नाही. १९९१मध्ये एचपीने जेटडायरेक्ट नावाचं कार्ड आणलं. प्रिंटरला थेट नेटवर्कच्या तारेला जोडायचं आणि ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते छापत राहायचं, एवढंच त्याचं काम. ना नाव विचारणं, ना पासवर्ड. ती पद्धत पुढे सगळ्यांनी उचलली आणि आजही जवळपास प्रत्येक नेटवर्क प्रिंटरला ती कळते. राउटरवर चालणारा जो छोटा प्रोग्रॅम हे काम करतो त्याचं नावच पी९१०एनडी आहे. पहिला प्रिंटर ९१०० वर, दुसरा लावलात तर ९१०१ वर. हा प्रोग्रॅम पानं साठवून ठेवत नाही, आलं ते लगेच पुढे. राउटरमध्ये साठवायला जागाही नसते. बऱ्याच राउटरांची सगळी मेमरी एखाद्या मोबाइलमधल्या चार फोटोंनी भरेल. त्यामुळे एकाचं वीस पानांचं काम चालू असेल तर दुसऱ्याचं पान त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये रांगेत थांबतं आणि पाळी आली की निघतं. दहा-बारा माणसांच्या दफ्तराला याहून जास्त काही लागत नाही.

आता करायचं कसं. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ही सोय मुळातच असते. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत ती आहे, मात्र तिथे प्रत्येक कॉम्प्युटरवर त्यांचा ‘यूएसबी प्रिंटर कंट्रोलर’ टाकावा लागतो. तो प्रिंटर एका वेळी एकाच्या ताब्यात देतो. चालू असेल तर ठीकच आहे, उगाच हात लावू नका. पण कंपनीने तो प्रोग्रॅम सांभाळायचं सोडलं की आपलं काम अडतं. म्हणून मी ओपनडब्ल्यूआरटीकडे वळायला सांगतो. ही राउटरवर चालणारी लिनक्सची एक छोटी आवृत्ती आहे, फुकट आहे आणि तिचा सगळा कोड उघडा आहे.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याला मात्र हात लावू नये. तो त्यांचा असतो, बऱ्याचदा कुलूपबंद असतो आणि बिघडला तर इंटरनेटच जातं. वेगळा, जुना, आपल्या मालकीचा राउटर घ्यावा. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत त्याचं मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती दोन्ही जुळतात का ते पाहावं. आवृत्ती महत्त्वाची आहे, कारण एकाच नावाच्या डब्यात आतलं यंत्र अनेकदा बदललेलं असतं. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे फार जुने राउटर आता या कामाचे नाहीत. १६ आणि १२८ असेल तर निवांत. फर्मवेअर चढवताना राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर असू द्यावेत. मधेच वीज गेली तर राउटरची वीट होऊ शकते आणि आपल्याकडे वीज बरोबर तेव्हाच जाते.

नवं फर्मवेअर चढलं की राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उठतो. त्याचं वायफाय सहसा बंद असतं, म्हणून तारेनेच कॉम्प्युटर जोडावा. पहिलं काम पासवर्ड ठेवणं. दुसरं काम पत्ता बदलणं, कारण मुख्य राउटरचाही पत्ता अनेकदा तोच असतो आणि एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरं चालत नाहीत. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा. जिओफायबरसारख्या ठिकाणी मुख्य पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, तिथे शेवटचा आकडा २ करावा. हा पत्ता मुख्य राउटर इतरांना वाटतो त्या पत्त्यांच्या पट्ट्याबाहेरचा असावा. गेटवे आणि डीएनएसच्या जागी मुख्य राउटरचा पत्ता लिहावा. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, या राउटरवर बंद करावं. वाटप एकानेच करायचं, दोघांनी केलं की घरात भांडण. मग दोन्ही राउटरांच्या लॅनच्या तोंडांना तार लावून जोडावं, वॅनचं वेगळ्या रंगाचं तोंड रिकामं सोडावं.

यानंतर तीन पॅकेजं टाकायची : यूएसबी प्रिंटर ओळखणारं कर्नलचं मॉड्यूल, पी९१०एनडी आणि ब्राउझरमधून त्याची सेटिंग करण्यासाठीचं पान. मग त्या पानावर प्रिंटर निवडून ‘चालू’वर टिचकी मारायची. राउटरचं काम संपलं.

प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटरचा नेहमीचा ड्रायव्हर लागतोच. तो आधीच असेल तर फक्त पोर्ट बदलायचं. विंडोजमध्ये नवं टीसीपी/आयपी पोर्ट करून राउटरचा पत्ता लिहायचा, प्रकार ‘रॉ’, क्रमांक ९१००. आणि एक गोष्ट जी न सांगितल्याने अर्धे लोक हात टेकतात : त्याच खिडकीत ‘एसएनएमपी स्टेटस’ समोरची खूण काढून टाकायची. नाहीतर विंडोज प्रिंटरची तब्येत विचारत राहतं, राउटरला ते उत्तर देता येत नाही आणि प्रिंटर ठणठणीत असूनही ‘ऑफलाइन’ दिसतो. दुकानातला माणूस इथेच “हे होत नाही साहेब, नवा वायफाय प्रिंटर घ्या” म्हणतो.

प्रिंटर कुठला हे मात्र आधी बघावं. जे पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ही भाषा बोलतात ते बिनतक्रार चालतात. आपल्याकडे दफ्तरोदफ्तरी दिसणारा एचपी लेसरजेट १०२० जरा लहरी आहे. त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअरच नसतं. दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते यूएसबीतून त्याला पाजावं लागतं. राउटरला लावला की पाजणारा कुणी उरत नाही, दिवा लागतो, पान मात्र निघत नाही. इलाज आहे : फू-टू-झेडजेएस या मुक्त ड्रायव्हर प्रकल्पातली फर्मवेअरची फाइल राउटरमध्ये ठेवायची आणि प्रिंटर चालू झाल्याबरोबर ती त्याच्याकडे पाठवणारी दोन-चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची. एकदा केलं की पुन्हा बघावं लागत नाही. कॅननचा एलबीपी २९०० हा दुसरा सर्वत्र दिसणारा. तो कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो आणि छापताना कॉम्प्युटरशी सतत दुतर्फा संवाद मागतो. त्याच्यासाठी या वाटेने जाऊन वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एखादा विचारेल, एवढ्या छोट्या कामात उघड्या कोडचं एवढं कौतुक कशाला? कारण उघड्या कोडच्या चळवळीचा उगमच एका दफ्तरी प्रिंटरपाशी आहे. १९८०च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेसर प्रिंटर दिला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि कागद अडकला की कुणाला कळायचं नाही. लोक पानं घ्यायला जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल करून अडचण आली की संदेश येईल अशी सोय केली होती. नव्याचा कोड बंद होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो आहे असं कळल्यावर ते मागायला गेले. त्याने गुप्ततेचा करार केलेला होता, त्याने नकार दिला. स्टॉलमन यांना तो नकार आयुष्यभर लागला. सप्टेंबर १९८३मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातूनच पुढे जीपीएल हा परवाना आला : कोड घ्या, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तीच मोकळीक द्या.

वीस वर्षांनी त्याच परवान्याने राउटर उघडला. २००२च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. काही चिकित्सक लोकांना त्याच्या पोटात लिनक्स सापडलं. लिनक्स जीपीएलखाली आहे, म्हणजे कंपनीने कोड खुला करायला हवा होता, तो केलेला नव्हता. लोकांनी पाठपुरावा केला आणि २००३मध्ये कोड द्यावा लागला. त्या कोडवर जानेवारी २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. त्याच्या नावात तो राउटर आजही आहे. कंपन्या तीन-चार वर्षांत राउटरकडे पाठ फिरवतात. हे लोक दहा-बारा वर्षं जुन्या डब्यांनाही सुरक्षेचे अपडेट देत राहतात. आपल्या एखाद्या तालुक्याच्या दफ्तरातला कपाटात टाकलेला राउटर पुन्हा उपयोगाचा होतो तो या लोकांनी तेव्हा धरलेल्या हट्टामुळे. उपकरण विकत घेतलं म्हणजे ते आपलं झालं, असं आपण समजतो. कोड बंद असेल तर ते अर्धंच आपलं असतं.

नव्या प्रिंटरांकडे पाहिलं की हे आणखी कळतं. एचपीने २०२०मध्ये ‘एचपी प्लस’ नावाची योजना आणली. तिच्यातला प्रिंटर इंटरनेटला सतत जोडलेला हवा, कंपनीकडे खातं हवं आणि शाई कंपनीचीच हवी. घरच्या वापराला कुणाला हा सौदा परवडत असेल. पण संस्थेचा प्रिंटर एखाद्याच्या खासगी ईमेलने खातं काढून सुरू करायचा आणि तो माणूस सोडून गेला की पासवर्ड शोधत बसायचं, हे मी होताना पाहिलंय. म्हणजे टेबलावरच्या भाईंकडून सुटून कुणाच्या तरी जीमेलमध्ये अडकायचं.

सुरक्षेची बाजू लपवण्यात अर्थ नाही. ९१०० पोर्टला पासवर्ड नसतो. जो नेटवर्कमध्ये आला तो छापू शकतो, आणि पान वाटेत उघडंच जातं. म्हणून आल्यागेल्याला दफ्तराच्या वायफायचा पासवर्ड वाटण्याची आपली दिलदार सवय सोडायला हवी. पाहुण्यांसाठी मुख्य राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू करावं. तिथून दफ्तरातली यंत्रं दिसत नाहीत. (उलट, दफ्तरातलाच एखादा लॅपटॉप चुकून गेस्टवर असेल तर त्याला प्रिंटर सापडणार नाही, हे लक्षात ठेवावं.) आणि घरून प्रिंट काढता यावी म्हणून हे पोर्ट इंटरनेटवर उघडायला कुणी सांगितलं तर त्याचं अजिबात ऐकू नये. २०१८च्या शेवटी एका हॅकरने असे उघडे पडलेले सुमारे ५० हजार प्रिंटर शोधले आणि एका यूट्यूबरचा प्रचार करणारं पत्रक त्यांवर छापून दाखवलं. तेव्हा ती गंमत झाली. आपल्या गावात ‘अमुक संस्थेच्या प्रिंटरवरून निघालेलं’ भडकाऊ पत्रक ही गंमत राहणार नाही, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ऑल-इन-वन यंत्रातला स्कॅनर असा चालत नाही. पी९१०एनडीला फक्त छपाई कळते. आणि २०२५मध्ये वक्फच्या नोंदी उमीद पोर्टलवर चढवताना संस्थांची जी धावपळ झाली, तिच्यात प्रिंटरपेक्षा स्कॅनरच जास्त लागला. ज्यांचं काम मुख्यतः स्कॅनिंगचं आहे त्यांनी नेटवर्कचा स्कॅनर असलेलं यंत्र घ्यावं, किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर पूर्ण लिनक्स चढवून छपाई आणि स्कॅनिंग दोन्ही वाटावं. मोबाइलवरून थेट छापणंही या मार्गाने सरळ जमत नाही. फोनला आयपीपी नावाची वेगळी पद्धत लागते, तिच्यासाठी कप्स हा मोठा प्रोग्रॅम लागतो आणि तो राउटरच्या तोकड्या मेमरीत बसवण्याचा अट्टहास मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट पुढे येऊ घातली आहे. विंडोज अपडेटमधून प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवणार, असं मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये जाहीर केलं. जुना प्रिंटर त्यामुळे लगेच बंद पडणार नाही, पण त्याच्या ड्रायव्हरची सेटअप फाइल आज जपून ठेवलेली बरी. राउटरला ड्रायव्हरशी देणंघेणं नाही, अडचण आली तर ती कॉम्प्युटरच्या बाजूने येईल.

वायफाय प्रिंटर घेणारच असाल तर घ्या, पण तो तारेने किंवा वायफायने दफ्तराच्या नेटवर्कवर ठेवा, त्याला कायमचा पत्ता द्या आणि तो पुन्हा कुणाच्या एकट्याच्या टेबलावर जाऊ देऊ नका. यूएसबीची तार पाच मीटरच्या पुढे नीट चालत नाही, नेटवर्कची तार शंभर मीटर जाते. त्यामुळे राउटर आणि प्रिंटर मिळून अशा जागी ठेवता येतात जिथे पान घ्यायला उठलेल्या मुलीला कुणाच्या खुर्चीमागे उभं राहावं लागत नाही. व्हरांड्याच्या दाराजवळचं एखादं स्टूल चालेल. फक्त उत्पन्नाचे दाखले छापून ट्रेमध्ये संध्याकाळपर्यंत पडून राहणार नाहीत, एवढं पाहावं.

शेवटी कागदाचं काम कागदानेच करावं. राउटरचा पत्ता, पोर्टचा क्रमांक, ड्रायव्हरचं नेमकं नाव, एसएनएमपीची खूण काढण्याची सूचना, एवढं एका पानावर मराठीत लिहून प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवावं. राउटरचा पासवर्ड भिंतीवर लिहू नये. तो लिफाफ्यात घालून संस्थेच्या कपाटात, रजिस्ट्रेशनच्या कागदांबरोबर ठेवावा आणि सदर व चिटणीस दोघांना माहीत असावा. ज्याने सेटिंग केलं त्याच्या डोक्यात तो राहिला, तर केबल हलवून काहीच बदललं नाही.

आणि भंगारवाला पुढच्या वेळी दारात आला की कपाटातला जुना राउटर त्याच्या काट्यावर टाकण्याआधी एकदा उलटा करून बघावा. खालच्या चिठ्ठीवर मॉडेलच्या शेजारी बारीक अक्षरात ‘व्ही’ आणि एक आकडा लिहिलेला असतो. तो टिपून घ्यावा, पाठीमागे यूएसबीचं तोंड आहे का ते पाहावं आणि अ‍ॅडॉप्टर कुठल्या ड्रॉवरमध्ये गेलाय ते शोधायला लागावं. तो सहसा कुणीतरी दुसऱ्याच कशाला तरी लावलेला असतो.